बास कैसी आरी?

आमच्या घरी मे महिन्यात काळं तिखट होतं. सोलापूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. मिरची, धने, सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि दहा-बारा प्रकारचे खडे मसाले तेलावर काळपट रंग येईपर्यंत भाजायचे, कांडप गिरणीतून कुटून आणायचे आणि बरणीत दाबून भरायचे. ते वर्षभर पुरतं. मटणात पडतं, वांग्यात पडतं, घाईच्या दिवशी कच्च्या तेलात कालवून भाकरीबरोबर खाल्लं जातं. आमच्या मोहल्ल्यात आणि गल्लीपलीकडच्या लिंगायत, पद्मशाली घरांत प्रमाण थोडं इकडेतिकडे, पण वस्तू तीच.

या तिखटातला माझा सगळ्यात आवडता मसाला म्हणजे दगडफूल. लवंग-वेलचीची श्रीमंती त्याच्याकडे नाही. दिसायला अगदी भंगार. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळं, कडा कुरतडल्यासारख्या. जुन्या भिंतीच्या रंगाचा पोपडा निघावा तसं. हातात घेऊन हुंगलं तर जेमतेम धुळीचा वास. ते फूलही नाही आणि वनस्पतीही धड नाही. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने राहतात, त्याला शास्त्रात शैवाक किंवा लायकेन म्हणतात, त्यातला हा एक प्रकार. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतो, मुळं नसतात. दोन वेगळे जीव एकत्र नांदतात यावरून गंगा-जमनी तहजीबवर भाषण ठोकायचा मोह माझ्यासारख्या मास्तरणीला होतोच. तो मी आवरते.

नावाची गंमत मात्र सांगते. मराठीत दगडफूल, आमच्या दखनीत पत्थर का फूल, कन्नडमध्ये कल्लुहूवू, तेलुगूत रातिपुव्वू. चारही नावांचा अर्थ एकच. सोलापूरच्या पेठेत चारही भाषांतली गिऱ्हाइकं येतात आणि दुकानदार चारही नावांना तेच पोतं उघडतो. माझ्या वर्गात चौघांनी असं एकसारखं उत्तर लिहिलं असतं तर मी चौघांचेही गुण कापले असते. किताबी उर्दूत त्याला छडीला म्हणतात, युनानी हकीम उश्ना म्हणतात, संस्कृतात ते शैलेय आहे. आणि कन्नौजच्या शमामा अत्तरात जे अनेक मसाले, मुळ्या पडतात, त्यातही हा छडीला असतो. शमामा उष्ण प्रकृतीचं अत्तर म्हणून थंडीत लावतात. माझे अब्बा लावायचे.

दगडफूल निवडण्याचं काम लहानपणापासून माझं. पांढरी चादर पसरायची, त्यावर ते ओतायचं आणि झाडाच्या सालीचे तुकडे, काड्या, बारीक खडे वेगळे करायचे. मग चाळणीत हलक्या हाताने रगडायचं. पन्नास ग्रॅम निवडायला माझा एक तास जायचा. शाळेच्या सुट्टीतला तास, म्हणून राग यायचा. भाजायचं काम अम्मीचं. त्यात कुणाची लुडबुड चालायची नाही.

अम्मीची पद्धत अशी. कठीण मसाले आधी, नाजूक नंतर. हळकुंड, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, मिरी, जायपत्री, मग धने, तीळ, खसखस. दगडफूल सगळ्यात शेवटी. ते कागदासारखं पातळ असतं, चार-सहा सेकंदांत होतं आणि पुढच्या दोन सेकंदांत जळतं. तेलात पडेपर्यंत त्याला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. तेलात पडलं की जागं होतं. माती, धूर, जुनं लाकूड असं काहीतरी एकदम उठतं आणि तिखटाला जो खोलपणा असतो तो यातूनच येतो, असं माझं ठाम मत आहे. पण जळलं की कडू. आणि हा कडूपणा पुढे कशानेच जात नाही, गूळ घाला नाहीतर खोबरं.

यात डोळ्यांचा उपयोग नाही. इतर मसाले लाल झाले, तांबूस झाले हे दिसतं. दगडफूल मुळातच काळं-राखाडी. झालेलं आणि जळलेलं, दोन्ही सारखंच दिसतं. ते फक्त नाकाला कळतं. अम्मी तर कढईकडे पाठ करून खोबरं चिरत बसायची आणि तिथूनच सांगायची, "उतार." मी उतरवायचे. ती कधी चुकली नाही.

रमजानमध्येही तिचा सगळा स्वयंपाक नाकावर चालायचा. रोजा असताना ती चव घ्यायची नाही. अम्मी सालनावर झाकण उघडायची, एकदा वाफ घ्यायची आणि म्हणायची, "नमक कम है." मिठाला वास नसतो, हे मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या टीचरकडून खात्री करून घेतलं होतं. अम्मीला सांगितलं तर म्हणाली, "उनकू बोल, रोजा रखके पकाव." इफ्तारला सालनात मीठ बरोबर असायचं. मी वाद सोडून दिला. फक्त मसाला भाजणं ती रोज्यात करायची नाही. धूर घशात जातो म्हणून ते ईदनंतर.

२०२१च्या एप्रिलमध्ये रमजान सुरू झाला आणि त्याच आठवड्यात अम्मीला ताप आला. दुसरी लाट होती. गल्लीत रोज कुठून ना कुठून बातमी यायची. अम्मीला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, ऑक्सिजन टिकला, अल्हम्दुलिल्लाह. पंधरा दिवसांनी ती उठून स्वयंपाकघरात आली आणि आम्ही सुटकेचा श्वास घेतला.

एका सकाळी मी ऑनलाइन तास घेत होते. बाहेरच्या खोलीपर्यंत करपल्याचा वास आला. धावत गेले तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलेलं. अम्मी तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती. मी गॅस बंद केला तेव्हा तिने वर पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. उठून डबा उघडला, मूठभर लवंगा घेतल्या, नाकाला लावल्या. तशीच उभी राहिली.

त्या दिवसांत अनेकांचा वास जायचा, यायचाही. दोन-तीन आठवड्यांत येईल, सगळे म्हणत होते. आमच्या ओळखीत सगळ्यांचा आला. अम्मीचा आला नाही.

ईद झाली. लॉकडाउनमुळे गिरणी सकाळी थोडा वेळच उघडायची. पाऊस तोंडावर आलेला. अम्मी म्हणाली, तिखट तर करायलाच लागेल, तू भाज, मी बसते. तीन किलो मिरचीचं तिखट. ती कढईशेजारी पाटावर बसली, मी उभी. धने टाकले.

"बास कैसी आरी?" अम्मीने विचारलं.

"अच्छी आरी."

"अच्छी म्हंजे कैसी?"

"खमंग."

"खमंग तो शेंगा भी रहते, कांदा भी रहता. धने की बोल."

मला सांगता येईना. मी बीएड केलेली बाई. उर्दू शाळेत वीस वर्षं मराठी शिकवते आणि गरज पडली तर उर्दूचेही तास घेते. मुलांना विशेषण, क्रियाविशेषण, समानार्थी शब्द घोकून घेते. आणि समोरच्या कढईतल्या धन्याचा वास कसा आहे हे स्वतःच्या आईला सांगायला दोन भाषांत मिळून एक शब्द नव्हता. धने, तीळ, खसखस कशीबशी डोळ्यांनी पार पाडली. दगडफूल टाकलं. अम्मीने विचारलं, "अब?" मी म्हटलं, "अच्छी, अच्छी, अब थोडी तेज." हे बोलण्यात जे सेकंद गेले तेवढ्यात ते जळलं. मला करपट वास आला, पण मी कढई उतरवली नाही. वाटलं, काळं तिखट आहे, काळंच व्हायचं.

गिरणीतून डबा घरी आला. अम्मीने बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं. नाक गेलं तरी जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं. "कडवा हुआ," म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब आहे. त्यांच्या घरी मटण-मासळी शिजत नाही, आमच्या घरचं शिजवलेलं त्या अक्का खात नाहीत, आणि त्यात कधी कुणाला वाईट वाटलं नाही. पण काळं तिखट मात्र दरवर्षी अर्धा किलो अम्मीच्या हातचं जायचं, मी शाळेत जायच्या आधीपासून. त्या वर्षी अक्का रिकामी बरणी घेऊन आल्या. अम्मीने पहिल्यांदा खोटं सांगितलं: या वर्षी तब्येतीमुळे केलंच नाही. तिखटाचा वास घरभर होता. अक्कांना तो येत होता, अम्मीला येत नव्हता. अक्का म्हणाल्या, "बरं केलंत भाभी, आराम करा," आणि बरणी घेऊन गेल्या. ते कडू तिखट आम्ही घरचे चौघं वर्षभर खाल्लं. तीन किलो मिरची फेकायची कुणाची हिंमत नव्हती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी औषध असं काही दिलं नाही, एक सराव दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, हे चार वास रोज दोनदा, प्रत्येक थोडा वेळ मन लावून हुंगायचे. जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली, हे मी नंतर वाचलं. अम्मीने औषधाच्या चार रिकाम्या डब्या धुऊन घेतल्या. एकीत गुलाबाच्या अत्तराचा कापूस, एकीत लिंबाची साल, एकीत लवंगा, एकीत निलगिरी तेलाचा कापूस. फजरनंतर एकदा, इशानंतर एकदा. वजिफा करावा तसं. महिनोन्महिने काहीच फरक नाही. मी विचारायचे, "आया कुछ?" ती डबी बंद करून म्हणायची, "आयेगा." पुढे मीच विचारणं बंद केलं.

माझा सराव वेगळा चालू झाला होता. अम्मीच्या त्या एका प्रश्नाने मी वही घातली. दोन्ही भाषांतले वासाचे शब्द गोळा करायला लागले. आधी लक्षात आलं की मूळ शब्दच दोन्हीकडे बदनाम आहे. मराठीत नुसतं "वास येतोय" म्हटलं की वाईट वास. उर्दूत नुसतं "बू" म्हटलं तरी तेच. चांगलं म्हणायचं तर पुढे सु लावा किंवा खुश लावा. आमची दखनी "बास" ही तर मराठी वासाची सख्खी बहीण. मग दिसलं की वाईट वासांची नावं दोन्ही भाषांत ओळीने उभी आहेत. मराठीत करपट, कुबट, खवट, ओशट. उर्दूत सडांद, बिसांद, चिरांद. तिकडे "ट", इकडे "आंद". वर कच्च्या मटणाची ती हीक वेगळीच. आणि चांगल्या वासांची टंचाई. खमंग, खरपूस, घमघमाट, दरवळ, महक, सोंधी. झालं. शिव्या पाठ असाव्यात आणि दुआ आठवू नयेत, तसं हे.

शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गाला मी लिहायला दिलं: घरातला एक वास. अट एवढीच की "चांगला" आणि "घाण" हे दोन शब्द वापरायचे नाहीत. वर्ग दहा मिनिटं गप्प. मग एका मुलाने लिहिलं, अब्बा लूमवरून येतात तेव्हा शर्टला तेल आणि सुताचा वास येतो. एका मुलीची अम्मी विड्या वळते. तिने लिहिलं, "ईदला अम्मीच्या हाताला मेंदीचा वास येतो. पण खालून तंबाखूचाच येतो." शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी लाल पेन लावलं नाही. या मुलांचं मराठी कच्चं म्हणून आम्ही शिक्षकखोलीत किती कुरकुरतो!

त्या मुलांकडूनच मला युक्ती कळली. वासाला शब्द नसेल तर वस्तू सांगायची. घरी येऊन मी पन्नास ग्रॅम दगडफूल आणलं आणि अम्मीला समोर बसवून एकेक चिमूट तेलात टाकून पाहिली. मी वस्तू सांगायचे, अम्मी आठवणीतून ताडून पाहायची.

"कोरे मडके में पहली बार पानी डाले, वैसी."

"हौ. वो सोंधी. वो तो अब्बी शुरू हुआ. आगे?"

"माचिस की काडी बुझायी, वैसी."

"हां. आगे?"

"कागज जल्या वैसी."

"तब तो गया. कडवा."

माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ आहे: धूळ, कोरं मडकं, विझलेली काडी, जळका कागद. मडकं आल्यावर कढई उचलायची, काडीपर्यंत ती खाली आली पाहिजे. तेलाची उरलेली उष्णता पुढचं काम करते. अम्मीने साठ वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिलाही ते शब्दांत माहीत नव्हतं. तिचं नाक शाबूत राहिलं असतं तर मलाही कळलं नसतं. हा हिशेब मला अजूनही बरा वाटत नाही.

२०२२चं तिखट चांगलं झालं. अम्मीने स्वतः अर्धा किलो भरून अक्कांकडे नेलं. दोन दिवसांनी अक्का गच्चीवरून म्हणाल्या, "भाभी, हात बदललाय का हो?" अम्मी म्हणाली, "हात नै, नाक बदल्या." मग दोघी कठड्याला टेकून बराच वेळ बोलत होत्या. मागच्या वर्षीच्या खोट्याचा विषय निघाला का, मला माहीत नाही.

२०२३च्या मे महिन्यात मी एकटीच भाजत होते. अम्मी बाहेरच्या खोलीत तख्तावर तसबीह घेऊन बसलेली, पंखा फुल. शेवटी दगडफूल टाकलं. मडकं आलं. मी कढईला हात घातला तेवढ्यात बाहेरून आवाज आला:

"शमामा कौन लगाया गे?"

अब्बांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यांची कुपी कपाटात कुलपात होती, आणि मेमध्ये शमामा कोण लावतं? मी कढई धरून उभी राहिले. छडीला, शमामा, हे माझ्या डोक्यात जुळेपर्यंत काडी गेली, कागद आला. अम्मी दारात येऊन उभी राहिली. कढईवर वाकली. पुन्हा वाकली. "गयी," म्हणाली. मग जळलेलं दगडफूल पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ये क्या करी? फेक, दूसरा ला." मी उन्हात पेठेत जाऊन दुसरं पन्नास ग्रॅम आणलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ते निवडलं. या वेळी तासभर लागला त्याचा राग आला नाही.

तेव्हापासून तिचा वास येतो-जातो. लवंग बहुतेक रोज कळते. लिंबू कधीकधी. कांदा तळला की तिला रॉकेलचा वास येतो, म्हणून बिर्याणीच्या दिवशी ती गच्चीवर जाऊन बसते. डॉक्टर म्हणतात, हे असं होतं, नसा परत जुळताना चुकीच्या जुळतात.

जुम्याला मी दालचा करते. तुरीची आणि थोडी हरभऱ्याची डाळ, मटणाची हाडं, दुधीचे मोठे तुकडे, चिंच, चमचाभर काळं तिखट. आणि शेवटच्या बघारात तेल, लसूण, कढीपत्ता, दगडफुलाच्या तीन-चार पाकळ्या. तुम्ही घरी करणार असाल तर पाकळ्या आधी निवडून, झटकून घ्या आणि बघाराच्या शेवटी टाका, लसणाबरोबर नव्हे. नुसत्या मसुराच्या डाळीलाही हा बघार चालतो. अक्कांना तोच आवडतो.

मागच्या जुम्याला बघार कढईत होता. अम्मी पाठ करून ताटं पुसत होती. मी मडक्याची वाट बघत होते.

"उतार," अम्मी म्हणाली.

तिला वास आला की तेलाचा आवाज ऐकून तिने अंदाज बांधला, मी विचारलं नाही. कढई उतरवली.